फॉर्म भरणाऱ्याची पहिली भेट

कळंबला तहसील कचेरीच्या समोरच्या रांगेत माझं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, पीक विमा, पॅन कार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. दिवसभर लोक समोरच्या स्टुलावर येऊन बसतात आणि मी त्यांच्याकडं न बघता विचारत असतो, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. दहा वर्षं झाली. आता माणूस समोर आला की मला आधी रकाने दिसतात, तोंड नंतर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझी जी फजिती झाली तिला एक कारण मिळेल. निदान मला तरी तसं वाटत होतं.

माझं वय तेहतीस, लग्न नाही. नऊ घरचे पोहे खाऊन झालेत. पोहे सगळीकडं उत्तम होते. पोरीच्या बापानं दिलेला नकारही सगळीकडं सारखाच, पोरगा चांगलाय, पण नोकरी सरकारी नाही. मी सरकारी कचेरीच्या बरोबर समोर बसतो, मधे फक्त रस्ता आहे, पण तो रस्ता काही मला ओलांडता आला नाही. नवव्या घरी तर पोरीनं खाली मान घालून मला हळूच विचारलं की तिच्या शिष्यवृत्तीचं काय झालं. तिचा फॉर्म मीच भरला होता.

शेजारच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करणारा माझा मित्र आहे. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. त्याचं लग्न त्याच्या मामानं ठरवलं, त्यानं फक्त हळद लावून घेतली, पण पोरींशी कसं बोलावं या विषयात त्याच्याइतका हुशार माणूस तालुक्यात नाही असं त्याचं स्वतःचं मत आहे. एके दिवशी त्यानं माझा फोन काढून घेतला आणि त्यात ते डेटिंगचं ॲप टाकलं.

"आता पोहे बंद," तो म्हणाला. "आता डायरेक."

ॲपनं फोटो मागितला. मी दुकानातला निळा पडदा सोडला, स्टुलावर बसलो आणि स्वतःचा फोटो काढला. दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, हे नियम मला पाठ आहेत. फोटो इतका नियमात बसणारा आला की त्यावर परदेशी जाता आलं असतं. मग ॲपनं विचारलं, स्वतःविषयी लिहा. मी लिहिलं, 'मी कळंब येथील कायम रहिवासी असून माझा स्वतःचा व्यवसाय आहे. वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व बरोबर आहे.'

मित्रानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "लेका, तू पोरगी बघालास का दाखला काढालास?"

दुसरं वाक्य त्यानं खोडायला लावलं. मोकळी जागा राहिली म्हणून मी तिथं लिहिलं, 'जात-पात मानत नाही.' लिहून झाल्यावर मला स्वतःचा लई अभिमान वाटला. खरं सांगायचं तर ती ओळ लिहायला मला काही लागलं नव्हतं. कुणाशी भांडावं लागलं नाही, घरात कुणाला सांगावं लागलं नाही. तीन शब्द टाईप केले आणि मी सुधारलो.

पुढं अंतराचा प्रश्न आला. पुण्यातली पोरं म्हणे पाच किलोमीटर ठेवतात. मी दहा ठेवलं, तर ॲप म्हणालं आसपास कुणी नाही. पंचवीस केलं तेव्हा दोघी दिसल्या. एक बंगळूरला नोकरीला होती, सुट्टीला आली असावी, दुसऱ्या दिवशी गायब झाली. दुसरी माझ्या दुकानात येऊन गेलेली होती. मी घाबरून फोन पालथा ठेवला. शेवटी साठ केलं. मग धाराशिव आलं, बार्शी आली, लातूरचा थोडा भाग आला.

सुरुवात कशी करायची हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पोह्यांच्या कार्यक्रमात सुरुवात मामा करतो, आपण फक्त चटईकडं बघायचं. मी आधी नुसतं 'हाय' पाठवून बघितलं. अकरा जणींना पाठवलं, अकराही गप्प. मग जरा सभ्यपणा दाखवावा म्हणून 'नमस्कार, आपण कशा आहात?' असं पाठवलं. त्याला एक उत्तर आलं. 'दादा बरी आहे. पीक विम्याची शेवटची तारीख कधीय?' मी तारीख सांगितली. तिनं थँक्यू दादा म्हटलं. त्या दिवशी मी ॲप काढून टाकणार होतो.

काढलं नाही, कारण संध्याकाळी एक मेसेज आला. पहिल्यांदाच समोरून कुणीतरी आपणहून लिहिलं होतं. 'हा फोटो पासपोर्टसाठी काढलाय का?'

मी पंधरा मिनिटं विचार केला. मित्र घरी गेला होता, विचारायला कुणी नव्हतं. मग खरं तेच लिहिलं. 'हो. आठ कॉप्या उरल्यात.'

तिकडून हसण्याच्या चेहऱ्यांची एक आख्खी ओळ आली.

ती धाराशिवला एका तपासणी केंद्रात रक्त काढायची. अठ्ठावीस वर्षांची, खोली घेऊन एकटी राहणारी. नावापुढं आडनाव नव्हतं, माझ्याही नव्हतं. तिचं बोलणं सरळ होतं आणि हसवणारं होतं. मी सांगितलं की फोटो काढताना लोक नेमके डोळे मिटतात. ती म्हणाली, तुझ्याकडं मिटलेले चालत नाहीत, माझ्याकडं मिटलेलेच बरे. तिसऱ्या आठवड्यात ती अशी एकदम 'तू' वर आली. मला 'तू' म्हणायला आणखी चार दिवस लागले आणि पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी प्यालो.

दोन महिने रोज बोललो. सात वाजता तिचं काम संपायचं. पावणेसातला मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. सर्व्हर कधी नव्हे तो नीट चालू असायचा. काम सोडून मी कधी कुणाची अशी वाट बघितली नव्हती. मला ती हवी होती. भेटून, बोलून, पुढं जे काय करतात ते सगळं करून हवी होती. म्हणून एकदा भेटू या असं तिनंच लिहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली, कारण आता फोटोच्या मागचा माणूस दाखवायचा होता.

भेटायचं कुठं? मी आणि मित्र दोन दिवस यावर बसलो. कळंबचा प्रश्नच नव्हता. अख्खा तालुका मला ओळखतो, निम्म्यांचा आधार माझ्या हातून अपडेट झालाय. धाराशिवला तिला लोक ओळखतात, निम्म्यांचं रक्त तिनं काढलंय. तुळजापूरला जावं तर आईच्या भजनी मंडळातली एखादी बाई हमखास दर्शनाला आलेली असते. नळदुर्गच्या किल्ल्यात जोड्या जातात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, म्हणजे तिथं गेलं की विचारायला नको.

शेवटी मित्र म्हणाला, "तेरला जा. म्युझियम हाय. तिथं कळंबचं माणूस मेलं तरी जात न्हाय."

मग सूचना सुरू झाल्या. पेढे न्यायचे नाहीत, पेढे नेले म्हणजे ठरलं असं होतं. पांढरा शर्ट घालायचा नाही, तलाठ्यासारखा दिसतोस. आणि शेवटची सूचना त्यानं माझ्या छातीवर बोट टेकवून दिली. "फॉर्म भरू नको. वय, पगार, गाव, काय म्हंजे काय इचारू नको. नुसतं बोल."

"आलं ध्यानात," मी म्हणालो.

पण रिकाम्या हातानं कसं जायचं? दुकानात जे होतं त्यातून मी एक भेट तयार केली. धाराशिव-तेर एसटीचं वेळापत्रक स्टँडवरून उतरवून आणलं, सुबक टाईप केलं, प्रिंट काढली, पाकिटात मावेल एवढी कापली आणि लॅमिनेट केली. कडा गोल कापल्या, टोचू नयेत म्हणून. जगात आजवर कुणी कुणाला पहिल्या भेटीत एसटीचं वेळापत्रक दिलं नसेल. मला मात्र ते फार प्रेमाचं वाटलं होतं.

आईला सांगितलं, तहसीलच्या कामाला चाललोय. आई म्हणाली, तहसील तर तुझ्या दुकानासमोर आहे, अत्तर कशाला मारलंस? मी गाडीला किक मारली आणि ढोकीच्या रस्त्याला लागलो. तेरला पोचेपर्यंत अत्तर उडून गेलं होतं आणि केसांचं हेल्मेटनं जे व्हायचं ते झालं होतं.

ती म्युझियमच्या फाटकाशी उभी होती. फोटोपेक्षा उंच. मला बघून म्हणाली, "अरे, तुला हसता येतं की." मी वेळापत्रक दिलं. तिनं ते उलटसुलट बघितलं, कडांवरून बोट फिरवलं आणि इतकी हसली की तिथला रखवालदार उठून बाहेर आला. म्हणाली, "हे मी जपून ठेवणार." मला वाटलं, जमलं.

आत टेबलावर रजिस्टर होतं. नाव, गाव, सही. मी सवयीनं ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. तिनं नुसतं नाव लिहिलं आणि गावाच्या ठिकाणी धाराशिव. आडनावाची जागा रिकामी राहिली. माझी नजर तिथं गेली. जायला नको होती, पण गेली, आणि पुढच्या दालनात जाईपर्यंत माझं डोकं त्या रिकाम्या जागेतच अडकलं होतं.

ते सोडलं तर भेट फार छान झाली, हे मी छातीठोकपणे सांगतो. मातीची खेळणी, शंखाच्या बांगड्या, बारीक बारीक मणी. दोन हजार वर्षांपूर्वी इथनं माल समुद्रापार जात होता असं रखवालदारानं सांगितलं. ती एका मातीच्या बाईच्या मूर्तीपुढं थांबली, तिच्या केसांची रचना बघत म्हणाली, हिला तयार व्हायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला असणार. मी म्हणालो, हिचा पासपोर्ट फोटो चालणार नाही, केसांनी कान झाकलेत. ती हसली. मी दोनदा सलग हसवलं होतं, एकाही मामाची मदत न घेता.

मग स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेतला. बाकडं बाहेर होतं, सावलीत. ती म्हणाली, "उद्या पण सुट्टीय, गावाकडं जाते. सास्तूरला."

"सास्तूर म्हणजे लोहाऱ्याकडं," मी म्हणालो.

"हो. भूकंपात पडलं ते."

"मग आता घर नव्या गावात असंल."

"हो, नव्या गावातच."

इथं थांबायला पाहिजे होतं. गावाचं नाव तर तिनंच सांगितलं होतं, मी विचारलं नव्हतं. मित्राचं बोट माझ्या छातीवर टेकलेलं मला अजून जाणवत होतं. पण माझं तोंड आपलं आपण चालू झालं होतं.

"आणि जुन्या गावात घर कुठं होतं?"

आमच्याकडं जात कुणी विचारत नाही. तो उद्धटपणा झाला. आम्ही गाव विचारतो. मग गावात घर कुठं ते विचारतो. मारुतीपाशी का, गढीखाली का, वेशीतच का ओढ्याच्या पलीकडं. तिसऱ्या प्रश्नाला सगळं कळतं आणि कुणी काही विचारलेलं नसतं. भूकंपानंतर जी गावं नव्यानं बसली तिथं ही सोय गेली, कारण घरं सरळ रांगेत, नंबरानं. म्हणून मग लोक जुन्या गावातलं घर विचारतात. ज्या घराची आता भिंतही उभी नाही ते. हे सगळं मला माहीत होतं. मी हा प्रश्न लहानपणापासून थोरांच्या तोंडून शंभरदा ऐकलाय आणि दरवेळी तो कशासाठी आहे हे मला कळलंय.

तिनं कप खाली ठेवला.

"जुनं गाव पडलं तेव्हा मी जन्मले पण नव्हते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण सांगते तुम्हाला. घर ओढ्याच्या पलीकडं होतं. आम्ही बौद्ध. आजोबांपासून. अजून कुठला रकाना राहिलाय का?"

'तुम्हाला' म्हणाली ती. दोन महिन्यांत कमावलेलं 'तू' एका घोटात गेलं.

मी ताबडतोब काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं काय फरक पडतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कप उचलून चहा प्यालो. कपात चहा नव्हता. खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढं आईचा चेहरा आला, चुलता आला, भावकीतली चार माणसं आली आणि ती सगळी माझ्याकडं बघत होती. समोर बसलेली बाई सोडून मी त्यांच्याकडं बघत बसलो. किती वेळ गेला मला माहीत नाही, तिला नक्की माहीत असणार.

मग मी बोललो, आणि जे बोललो ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. "सवय आहे ओ. दिवसभर फॉर्म भरतो ना. तोंडातनं आपोआप येतं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "फॉर्मवर जुन्या गावातलं घर विचारतात?"

मी दहा वर्षांत शेकडो प्रकारचे फॉर्म भरलेत. सरकारी, निमसरकारी, बँकेचे, विम्याचे. जुन्या गावात घर कुठं होतं, असा रकाना त्यातल्या एकाही फॉर्मवर नाही. हे मला त्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा सुचलं. तो प्रश्न दुकानातून आलेला नव्हता. तो माझा घरचा होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "खरंच चुकलं."

"हो," ती म्हणाली. पर्समधून तिनं ते लॅमिनेट केलेलं वेळापत्रक काढलं, बघितलं. "चार वीसची आहे ना?"

"चार वीसचीच. दहा मिनिटं उशिरा येते."

उशिराच आली. ती दहा मिनिटं आम्ही स्टँडवर शेजारी उभे राहिलो. मी सांगत होतो की मला खरंच काही फरक पडत नाही, आईला समजावता येईल, मी तसा माणूस नाही. प्रत्येक वाक्यागणिक मी आणखी तसा दिसत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं, माफी तरी मागता आली असती. बस वळून आत येताना दिसली तेव्हा ती बोलली.

"जात मानत नाही असं बऱ्याच जणांच्या प्रोफाइलवर असतं. विचारतात सगळेच. कुणी मेसेजमधी, कुणी फोनवर. भेटून कुणी अर्धा तास काढला नाही. तुम्ही पावणेदोन तास काढलेत." तिनं पर्स खांद्याला लावली. "मी घड्याळ बघत होते. नंतर बघायचं सोडून दिलं. मला वाटायला लागलं होतं, हा नाही विचारणार."

ती बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाली तिला, पण ती पलीकडच्या बाजूची होती. पोचल्यावर मेसेज कर, असं मी खालून ओरडलो. आला नाही. मी चार दिवस लिहीत राहिलो, लांबच्या लांब, मग तिचं नावच ॲपवरून गेलं.

भेटीच्या दुसऱ्या दिवशी मित्र स्वतःचं शटर उघडायच्या आधीच माझ्या गाळ्यात येऊन बसला. मी सांगितलं, जमलं नाही.

"का? काय झालं?"

"काय नाही. जमलं नाही."

"कुठली होती?"

"सास्तूरची."

"सास्तूरची म्हंजे कुणाची? आडनाव काय?"

त्यानं सहज विचारलं होतं. चहा सांगितला का, असं विचारावं तितकं सहज. मी प्रिंटरमध्ये कागद घालत होतो. म्हणालो, "म्या न्हाय विचारलं."

"दोन महिने बोललास, जाऊन भेटलास, आन एवढं पण विचारलं न्हायस?" तो हसायलाच लागला. "येडा हैस का रे तू? लई मोठा माणूस झालास."

मी पण हसलो. विचारलं नाही म्हणून कुणीतरी मला येडा म्हणत होतं आणि मला ते ऐकून क्षणभर फार बरं वाटलं. तेरच्या बाकड्यावर वाटली नव्हती एवढी लाज मला त्या बरं वाटण्याची वाटली. तेवढ्यात एक बाई जातीच्या दाखल्यासाठी कागदांची पिशवी घेऊन आल्या. मी त्यांना स्टूल पुढं केलं.